पोस्ट-पंकचा ‘पातळ’ आवाज: मुद्दाम केलेला, की पैसे नव्हते म्हणून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. मेटल आणि क्लासिक रॉक ऐकत वाढलो. पोस्ट-पंकचे आणि जुन्या अल्टरनेटिव्ह रॉकचे नावाजलेले अल्बम ऐकून पाहिले, पण निम्मे पातळ, कोरडे, मिक्सिंग अर्धवट सोडून दिल्यासारखे वाटतात. हे मुद्दाम केलेलं असतं की त्यांच्याकडे पैसेच नव्हते? आणि सुरुवात कुठून करू?’

वयाने बराच लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरेच करतो. मी पुण्यात रेकॉर्डिंग आणि लाइव्ह साउंडची कामं करतो. त्यामुळे हे अल्बम ऐकतानाही कामाची खोड सुटत नाही: माइक कुठे लावला असेल, खोली केवढी असेल, कोणता फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढलाय. उत्तर त्याच अंगाने देतो. पोस्ट-पंक म्हणजे पंक या धसमुसळ्या रॉकच्या लाटेमागून, सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेले बँड. बहुतेक नावाजलेल्या अल्बममधला पातळपणा ठरवून केलेला आहे. काहींचा खिसा खरोखर रिकामा होता. थोडा कान बसला की दोन्हींतला फरक ऐकू येतो.

‘अननोन प्लेझर्स’पासून सुरू करू, कारण तुझ्या तक्रारीला बहुधा तोच कारणीभूत असणार. जॉय डिव्हिजन हा मँचेस्टरकडचा बँड, फॅक्टरी रेकॉर्ड्स ही तेव्हाची नवी आणि लहानशी कंपनी. रेकॉर्डिंग एप्रिल १९७९मध्ये, अल्बम जूनमध्ये. लहान कंपनी म्हटलं की वाटतं, कुठल्यातरी गॅरेजमध्ये उरकलं असेल. पण काम झालं स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत, आणि तो टेन सीसी या बँडच्या मंडळींचा सुसज्ज स्टुडिओ होता. १९७५चं ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे त्यांचं गाणं एकदा ऐक. नुसत्या गळ्यांचे थरावर थर चढवून केलेला तो मऊ, भरगच्च कोरस याच स्टुडिओतला. म्हणजे जिथून असला आवाज निघत होता, तिथूनच मार्टिन हॅनेट या निर्मात्याने चार वर्षांनी हा सांगाडा बाहेर काढला.

त्याने ड्रम्सचं काय केलं ते बघ. ड्रमर स्टीफन मॉरिसला त्याने सेटमधले ड्रम सुटे सुटे वाजवायला लावले. हेतू हा, की स्नेअरच्या (मुख्य कडक ठोका देणाऱ्या ड्रमच्या) माइकमध्ये हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या जोड झांजांचा) आवाज शिरता कामा नये. ड्रमरच्या दृष्टीने हा छळच आहे. हातापायांना एकमेकांच्या साथीची सवय असते आणि नेमकी तीच मोडायची. बदल्यात हॅनेटला हवा तसा एकटा, स्वच्छ स्नेअर मिळाला आणि तो त्याने एएमएस कंपनीच्या तेव्हा अगदी नव्या डिजिटल डिलेमधून (आवाज किंचित उशिराने परत ऐकवणाऱ्या यंत्रातून) काढला. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’मध्ये ठोक्याबरोबर जो ‘फस्स’ आवाज येतो ना, ते वाद्य नाही. टेपचे हेड साफ करायच्या स्प्रेचा डबा माइकसमोर तालात दाबलाय, तोही बंद बूथमध्ये बसून. ‘इनसाइट’ सुरू होताना ऐकू येते ती स्टुडिओच्या इमारतीतली लिफ्ट. ‘आय रिमेंबर नथिंग’मध्ये काच फुटते. असल्या उद्योगांना वेळ लागतो, यंत्रं लागतात आणि हट्टही लागतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो चार माइक लावून दुपारपर्यंत मोकळा होतो.

बँडला ते आवडलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो. गिटारवरचा बर्नार्ड समनर आणि बेसवरचा पीटर हुक, दोघेही नाराज होते. स्टेजवर ते अंगावर येणारं, दणदणीत वाजवायचे, आणि रेकॉर्डवर त्यातला सगळा दणका लांब जाऊन बसला. हॅनेटने काम चांगलं केलं होतं, हे हुकने पुढे कबूल केलं. मला विचारशील तर त्या काळातली त्यांची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज जास्त जोरकस आहेत, पण तशी जोरकस रेकॉर्डिंग्ज इतर पन्नास बँडचीही सापडतील. गायक इयान कर्टिसचा आवाज एवढ्या मोकळ्या जागेत एकटा उभा राहिलेला फक्त इथे ऐकू येतो. पुढच्या वर्षीचा ‘क्लोजर’ मला याहून वरचा वाटतो, पण पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

तू बेसवाला आहेस, म्हणून हुककडे नीट लक्ष दे. तो बेस वरच्या स्वरांत वाजवतो, धून वाजवल्यासारखा. याचं मूळ अगदी फालतू आहे: त्याचा अँप भिकार होता, समनरच्या गिटारच्या गोंगाटात खालचे स्वर त्याला स्वतःलाच ऐकू यायचे नाहीत, म्हणून तो वर सरकला. कर्टिसला ते आवडलं आणि मग तसंच राहिलं. सुरुवात नाइलाजाने, पुढे मुद्दाम. या काळातल्या कितीतरी आवाजांची हीच कहाणी आहे. धून बेसने उचलली, त्यामुळे गिटारवर ती वाहायची जबाबदारी उरली नाही, आणि गिटार पातळ झाली तरी गाणं पडलं नाही.

आपल्याकडे रॉक रुजला तो डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, आयर्न मेडनच्या वाटेने. मुंबईच्या रंगभवनातल्या इंडिपेंडन्स रॉक या कार्यक्रमाला जाऊन आलेल्या कोणालाही विचार, लोक सोलोची वाट बघत असायचे. त्यामुळे गाण्यातली सर्वांत मोठी वस्तू गिटार, असं आपला कान धरून चालतो. इंग्लंडमधल्या या पोरांचा कान वेगळ्या गोष्टीवर तयार झाला होता, ती म्हणजे जमैकाचं डब. लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये १९७७च्या सुमारास डॉन लेट्स रेकॉर्ड लावायचा. पंकच्या रेकॉर्ड तेव्हा जेमतेमच निघालेल्या, मग तो रेगे आणि डब लावायचा. डबमध्ये मिक्स करणारा हाच कलाकार असतो. गायकाला मधेच गायब करील, गिटारचा एखादा तुकडा इकोमध्ये भिरकावून देईल, बेस आणि ड्रम्स मात्र जागचे हलू देणार नाही. स्लिट्स या मुलींच्या बँडने आपला ‘कट’ हा १९७९चा अल्बम थेट डेनिस बोव्हेल या रेगेतल्याच निर्मात्याकडून करून घेतला. बेस कुठे आणि किती ठेवायचा यावर मला कोणी विचारलं तर मी आजही ‘कट’ लावून दाखवतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’ आला. सेक्स पिस्टल्समधून बाहेर पडलेला जॉन लायडन, गिटारवर कीथ लेव्हीन, बेसवर जाह वॉबल. बारा इंची तीन तबकड्या, फिल्मची रिळं ठेवतात तसल्या गोल पत्र्याच्या डब्यात कोंबलेल्या. त्या निघायच्या मुश्किलीने आणि निघताना चरे पडायचे. डब्याचं कौतुक सगळेच करतात. मला त्या तबकड्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाच्या होत्या, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. विनाइलवर खोल बेस कोरायचा तर खाच जास्त हलते, जास्त जागा खाते. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं भरली की बेस आवरता घ्यावाच लागतो. मिनिटं कमी आणि वेग जास्त दिला की तबकडी कापणाऱ्याचे हात मोकळे होतात. वॉबलला त्याचा पुरेपूर फायदा मिळाला. या अल्बमला पातळ म्हणणाऱ्यांनी तो बहुतेक लॅपटॉपवर ऐकलेला असतो. तळाला प्रचंड वजन आहे, मधे जवळजवळ काही नाही आणि वर लेव्हीनची करकरीत गिटार. ‘स्वान लेक’मध्ये ती गिटार चायकोव्स्कीच्या बॅलेची धून वेडीवाकडी करून वाजवते, आणि खाली लायडन आपल्या मरणासन्न आईबद्दल ओरडत असतो. काम करता करता लावायचं हे गाणं नाही.

आता कोरडेपणा. लीड्सच्या गँग ऑफ फोरचा ‘एंटरटेनमेंट!’, सप्टेंबर १९७९, कंपनी ईएमआयसारखी बडी. म्हणजे इथेही पैशाचं कारण चालणार नाही. गिटारवादक अँडी गिलने व्हॉल्व्हचा अँप नको म्हणून ट्रान्झिस्टरचा घेतला, कारण व्हॉल्व्हमुळे आवाजाला येणारी ऊब त्याला नकोच होती. रिव्हर्ब, म्हणजे आवाज मागे घुमत राहणं, जवळजवळ नाही. रिव्हर्ब नसला की वाजवणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. स्वर थांबला की थांबला, त्यामागे शांतता जशीच्या तशी ऐकू येते. तुझ्या बँडला ‘डॅमेज्ड गुड्स’ बसवायला सांग, पहिल्या कडव्यातच कळेल कोणाचा हात उशिरा पडतोय. गिल सोलोच्या जागी सोलो वाजवत नाही, कधी कधी वाजवणंच थांबवतो, आणि मग डेव्ह ॲलनचा बेस आणि ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम्स उघडे पडतात. ‘अँथ्रॅक्स’मध्ये तर एक जण गातोय आणि त्याच वेळी दुसरा प्रेमगीतांवर निबंध वाचल्यासारखा सपाट बोलतोय. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा वाटेल, दोन टॅब चालू राहिलेत. ‘ॲट होम हीज अ टूरिस्ट’मधला एक शब्द बदला म्हणून बीबीसीने सांगितलं, तर ही मंडळी त्यांचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा टीव्ही कार्यक्रम सोडून निघून आली. आवाजातही तोच ताठा आहे. मला हा अल्बम सलग दोनदा ऐकवत नाही, पण एकदा ऐकला की दिवसभर हात तालात हलत राहतात.

मेटलवरून येणाऱ्याने पहिलं पाऊल मात्र टेलिव्हिजन नावाच्या बँडच्या ‘मार्की मून’वर टाकावं. फेब्रुवारी १९७७, न्यूयॉर्क. काटेकोरपणे पाहिलं तर हा पोस्ट-पंकच्या आधीचा, पण त्या वादात पडू नकोस. यात गिटार सोलो आहेत, दोन गिटार आहेत, आणि शीर्षकगीत दहा मिनिटांचं आहे, तेव्हा तुला परकं वाटणार नाही. निर्माता अँडी जॉन्स लेड झेपेलिनबरोबर काम केलेला माणूस. त्याने सवयीने ड्रम्सना झेपेलिनच्या जॉन बॉनमसारखा अवाढव्य आवाज लावला, तर बँडचा गायक-गिटारवादक टॉम व्हर्लेनने तो काढायला लावला. डिस्टॉर्शनही (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) नावापुरतं. तेच दहा मिनिटांचं गाणं एका टेकमध्ये, म्हणजे एकदाच वाजवून, झालंय, आणि ड्रमर बिली फिका समजत होता की तालीम चालली आहे. इतक्या स्वच्छ गिटारवर एवढा ताण धरून ठेवणं किती अवघड आहे, ते तुझ्या गिटारवाल्याला करून बघायला सांग.

सगळ्यात कमी सामानातला अल्बम म्हणजे ‘कलॉसल यूथ’, १९८०. कार्डिफचा यंग मार्बल जायंट्स: मोक्सम बंधू आणि गाणारी ॲलिसन स्टॅटन. ड्रमर नाही. घरीच बनवलेल्या ड्रम मशिनचा ताल कॅसेटवर भरून तीच सोबत लावायची. वेल्समधल्या एका छोट्या स्टुडिओत पाच दिवसांत काम उरकलं. इथे पैसे नव्हते, हे खरंच. पण स्टुअर्ट मोक्समची गिटार ऐक, तळहात तारांवर दाबून प्रत्येक स्वर जन्मताच कापलाय. लाख रुपये हातात दिले असते तरी त्याने वेगळं काही केलं नसतं, असं मला वाटतं. स्टॅटन बसथांब्यावर शेजारच्या बाईशी बोलावं तशी गाते: ना कंप, ना नाटक. आणि फिलिप मोक्समचा बेस हेच निम्मं गाणं. दणदणीत वाजवणाऱ्या निर्व्हाना बँडच्या कर्ट कोबेनच्या आवडत्या अल्बममध्ये हा होता, हे ऐकून नवे लोक याच्याकडे येतात आणि नंतर बुचकळ्यात पडतात.

खरा नाइलाज ऐकायचाय? हुस्कर डूचा ‘झेन आर्केड’, १९८४, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा तिघांचा बँड. दोन तबकड्यांचा अल्बम, खर्च सुमारे ३,२०० डॉलर, आणि दोन गाणी सोडली तर सगळे पहिले टेक. इथला पातळपणा ठरवलेला वाटत नाही. बॉब मोल्डची गिटार म्हणजे नुसता ट्रेबल (वरचा, टोचरा भाग), किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) शोधावा लागतो, बेस कुठेतरी खाली पुटपुटतो. हॅनेटच्या रिकाम्या जागेत प्रत्येक वस्तू नेमून ठेवलेली असते, इथे सगळ्या वस्तू एकाच दारातून घुसायला बघताहेत. फरक ऐकू येतो म्हणालो तो हा. तरीही या यादीतली सर्वांत जास्त चांगली गाणी याच अल्बममध्ये आहेत, आणि याचं मिक्स सुधारायला मिळालं तर मी फुकट करीन.

आर.ई.एम.चा ‘मर्मर’ (१९८३) ऐक, कोरा-करकरीत आणि तरी धूसर. मायकेल स्टाइप काय गातो ते कळत नाही, कळायची गरजही पडत नाही. द क्युअरच्या १९८२च्या ‘पोर्नोग्राफी’बद्दल लोक भारावून बोलतात; मला त्यातले ड्रम्स आवडतात आणि चौथ्या गाण्यानंतर कंटाळा येतो.

पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’, मार्च १९८८, यावर मात्र थांबायला हवं, कारण पुढची दहा वर्षं ड्रम्स कसे वाजावेत हे यावरून ठरलं. बॉस्टनमध्ये डिसेंबर १९८७ला साधारण दहा दिवसांत रेकॉर्ड झाला. इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी, मानधन १,५०० डॉलर एकरकमी, रॉयल्टी शून्य. रॉयल्टी घेणं त्याला तत्त्वतःच मान्य नव्हतं. २०२४मध्ये वारला तोवर त्याने ते पाळलं, नंतर निर्व्हानाच्या ‘इन यूटरो’साठी लाख डॉलर घेतले तेही एकरकमीच. ‘बोन मशिन’ लाव. आधी एकटे ड्रम्स, मग बेस, मग गिटार. त्या पहिल्या काही सेकंदांत स्नेअर नाही, खोली ऐक. ठोका संपतो आणि भिंतींवरून परत येतो. ड्रमजवळच्या माइकांइतकाच भर लांबच्या माइकांवर आहे. अल्बिनीच्या कामाची एक पद्धत अशी होती की असे लांबचे माइक जमिनीवर ठेवायचे आणि त्यांचा आवाज काही मिलिसेकंद उशिराने मिसळायचा, म्हणजे खोली आहे त्याहून मोठी भासते. बँडची बेसवाली किम डीलचा आवाज ‘व्हेअर इज माय माइंड?’साठी स्टुडिओच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केला, कारण मशिनच्या इकोपेक्षा खरा इको अल्बिनीला हवा होता. आपल्या जुन्या फिल्मी रेकॉर्डिंगमध्येही वादकांना माइकपासून मागेपुढे बसवूनच बॅलन्स साधायचे, त्यामुळे माझ्या आधीच्या पिढीतल्या इंजिनिअरांना यात नवल वाटलं नसतं. तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही सॅम्पलचे, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या ठोक्यांचे, ड्रम्स ऐकत मोठे झालात.

‘लव्हलेस’ तुला पातळ वाटला नसणार, चिखल वाटला असेल. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा, नोव्हेंबर १९९१, दोनेक वर्षांत एकोणीस स्टुडिओ बदलून केलेला. त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स ट्रेमोलोचा दांडा (तारांचा ताण बदलून सूर हलवणारा) हातात धरूनच स्ट्रम करतो, त्यामुळे अख्खी कॉर्ड सतत सुरातून घसरते आणि परत येते. शेकडो गिटार एकावर एक रचल्यात असं वाटतं, तसं नाही. गायकांना गिटारच्या वर न ठेवता त्यांच्या पातळीवर बुडवलंय, तेही जाणूनबुजून. ड्रमर आजारी असल्याने बरेचसे ताल त्याच्याच वाजवण्याचे तुकडे जोडून केले आहेत, आणि तिथे मला हा अल्बम अशक्त वाटतो. १९८८चा त्यांचा ‘इझन्ट एनीथिंग’ मी जास्त वेळा लावतो. त्यात माणसं वाजवत असल्याचं कळतं.

तेव्हा क्रम असा धर: आधी ‘मार्की मून’, मग ‘सर्फर रोझा’, मग ‘एंटरटेनमेंट!’, आणि त्यानंतर ‘अननोन प्लेझर्स’कडे परत जा. हेडफोन साधे चालतील, पण फोनच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नकोस, तिथे बेस उरतच नाही आणि या अल्बममधून बेस गेला की धूनच जाते. सगळ्यात शेवटी स्लिंट या बँडचा ‘स्पायडरलँड’, १९९१, चार दिवसांत रेकॉर्ड केलेली सहा गाणी. त्याचा आवाज आधी ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’च्या शेवटच्या मिनिटावर लावून बघ, कान सोसतील एवढाच ठेव आणि मग पहिल्यापासून सुरू कर. शांत भागात बोलणं नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावासा वाटेल. वाढवू नकोस.